बहिणीच्या गावचा पूल

बिराजदार साहेब साइटवर किती वेळ उभे होते, हे त्यांच्या कपाळावरून कळायचं. सकाळी ऑफिसात येताना विभूतीचे तिन्ही पट्टे ठसठशीत असायचे. उन्हं चढली की घामानं त्यातला खालचा जायचा, जेवणानंतर मधला. आणि ज्या दिवशी संध्याकाळी साहेबांचं कपाळ अगदी कोरं दिसायचं, त्या दिवशी आमचा ड्रायव्हर गफूरभाई जीपचं दार आपटत सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणायचा, "आज गुत्तेदार की खैर नहीं थी." आमच्याकडे कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात, आणि साहेबांच्या हाताखाली काम घेणारा गुत्तेदार पहिल्या महिन्यात वजन कमी करायचा.

नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेला, मुखेडच्या अंगाला, रस्ते आणि पूल बांधणारं एक लहानसं सरकारी ऑफिस होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. साहेब तिथले उपअभियंता, म्हणजे आमच्यातले सर्वांत मोठे, आणि मी त्यांच्या हाताखाली नव्यानं रुजू झालेली कनिष्ठ अभियंता. साहेब लातूर जिल्ह्यातले, मुरुडजवळच्या खेड्यातले. शनिवारी एसटीनं घरी जायचे आणि सोमवारी कापडी पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन परत यायचे. ती बरणी शुक्रवारपर्यंत पुरवायची जबाबदारी आम्हा सगळ्यांची असे आणि ती आम्ही कधीही पार पाडली नाही.

माणूस ठेंगणा, रुंद, आणि चालताना किंचित पुढे वाकलेला. पँटीची खालची घडी कायम वर दुमडलेली. पाणी असो नसो, ऑफिस असो की कुणाचं लग्न. एकदा नांदेडला वरिष्ठांच्या बैठकीत कुणीतरी त्यांना हळूच घडीची आठवण करून दिली, तर साहेबांनी खाली वाकून बघितलं, घडी आणखी नीट बसवली आणि पुन्हा वर बघायला लागले. अंगात शर्ट, शर्टाच्या आत गळ्यात इष्टलिंग. काही अवघड ठरवायचं असलं की उजवा हात आपोआप शर्टावरून त्या लिंगापाशी जायचा. मला काही महिन्यांनी कळलं की तो हात तिथं असताना बोलायचं नाही.

मी पहिल्यांदा एका छोट्या पुलाचा नकाशा काढून त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा मी स्वतःवर फार खूश होते. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून तो शेवटपर्यंत पाहिला.

"समदं बरोबर हाय," ते म्हणाले. "पाण्याला विचारलं का?"

मला वाटलं थट्टा करतायत. ते उठून जीपमध्ये जाऊन बसले सुद्धा. साइटवर गेलो. नदीकाठी तीन-चार माणसं जमली. साहेबांनी प्रत्येकाला वेगवेगळं बाजूला घेऊन विचारलं, मोठं पाणी आलं होतं ते कुठवर आलं होतं. एकानं गुडघा दाखवला, कारण पूल उंच झाला तर भराव त्याच्या शेतात पडणार होता. दुसऱ्यानं डोक्याच्याही वर हात नेला, कारण त्याला मोठा पूल हवा होता. तिसरा म्हणाला, पाणी येतच नाही, कारण त्याचा पाहुणा गुत्तेदार होता आणि त्याला लहान काम लवकर उरकायचं होतं. साहेबांनी सगळ्यांचं मान हलवून ऐकून घेतलं आणि मग काठावरच्या बाभळीपाशी गेले. बेचक्यात वाळलेलं गवत, प्लॅस्टिकची पिशवी आणि कुणाची तरी चिंधी अडकून बसली होती. त्यांनी ती चिंधी मला काढू दिली नाही. म्हणाले, मापं इथून घ्या. परत येताना जीपमध्ये मला एवढंच सांगितलं की माणूस आपल्या सोयीनं पाणी वाढवतो नाहीतर उतरवतो, झाडाला तसली काही सोय नसते. पुढे ऑफिसात तो प्रश्न सगळ्यांच्या तोंडी बसला. शिपाई चहा आणायला निघाला तरी कुणीतरी मागून ओरडायचं, पाण्याला विचारलं का.

नारळाशी साहेबांचं जुनं वाकडं. आमच्या भागात कामाचा पत्ता नसतो तेव्हा भूमिपूजन होतं. मांडव पडतो, फटाके वाजतात, कुदळीला फुलं बांधतात, आणि त्यानंतर त्या जागी पुढच्या भूमिपूजनापर्यंत गवत वाढतं. अशा कार्यक्रमांना साहेबांना जावंच लागायचं. ते सगळ्यांच्या मागे छत्री उघडून उभे राहायचे, ऊन नसलं तरी, म्हणजे फोटोत चेहरा यायला नको. पण त्यांचा स्वतःचा एक नेम होता. पूल बांधून झाला, त्याच्यावरून पहिलं मोठं पाणी गेलं किंवा खालून गेलं, आणि पूल जागच्या जागी राहिला, की साहेब कुणालाही न सांगता नारळ घेऊन तिथं जायचे. कठड्यावर नाही, खाली पायापाशी फोडायचे. खोबऱ्याचा पहिला तुकडा गफूरभाईला, दुसरा पाण्याला, तिसरा आपल्याला. मी सोबत असले तर मलाही. आमच्या खात्यात शाबासकी म्हणून मला जे काही मिळालं, त्यात ते खोबरं मला सगळ्यात जास्त आवडलं.

आणि मग लॉकडाऊन उठला. कामं बंद पडली होती, माणसं पुण्या-मुंबईहून चालत गावी आली होती, बाजार थंड होता. कामांना चालना मिळावी, लोकांच्या हातांना काम मिळावं म्हणून सरकारनं रस्ते आणि पुलांसाठी विशेष निधी सोडला. आमचं एरवी उलटं असतं. कामांची थप्पी तयार असते आणि पैसा येत नाही. इथं पैसा दारात येऊन उभा, आणि अट अशी की मार्चअखेर जमिनीवर काम दिसलं पाहिजे, जागेवरून फोटो चढवले पाहिजेत, नाहीतर निधी परत. साहेब म्हणायचे, हा तालेवार पाहुणा आहे, येतो म्हणून कळवत नाही आणि जेवायला थांबत नाही. सगळ्या जिल्ह्यात धावपळ उडाली. जिथं काहीच तयार नव्हतं तिथं लोकांनी चांगले रस्ते उकरून पुन्हा केले.

आमच्या वाट्याला जे आलं त्यात एक चांगला उंच पूल बसत होता. मागणी दोन गावांची होती, पिंपळदरा आणि धामणवाडी. दोन्ही गावं एकाच नदीच्या पलीकडची, एकमेकांपासून लांब. उन्हाळ्यात तिला नदी म्हणायला जीभ रेटत नाही, पण श्रावणात ती दोन्ही गावं तोडून टाकते. वरून सूचना आली की भांडण नको, दोन्हीकडे एकेक बुटका पूल करा, दोन फोटो होतील. साहेबांनी ती सूचना ज्यांनी दिली त्यांना फोनवर अगदी नम्रपणे सांगितलं, "सर, दोन गावाला अर्धा-अर्धा पूल दिला म्हनून पानी अर्धं येत न्हाई." फोन ठेवल्यावर आम्ही टाळ्या वाजवायच्या बाकी होतो.

तेव्हा प्रश्न राहिला कुठल्या गावाचा. मी आणि साहेब दोन्हीकडे हिंडलो. पिंपळदऱ्याला एक लांबचा का होईना, वळसा घालून येणारा कोरडा रस्ता होता. धामणवाडीला तोही नव्हता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नदी. शाळा सातवीपर्यंत, पुढचं हायस्कूल नदीच्या अलीकडे. पावसाळ्यात मुलगे पोहत नाहीतर टायरवर बसून यायचे, मुली येईनाशा व्हायच्या, आणि एकदा शाळा सुटलेली मुलगी दिवाळीनंतर परत बसत नसे. यात विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही. साहेबांनाही दिसलं नव्हतं. त्यांनीच मला धामणवाडीचा नकाशा काढायला सांगितला. मी तो काढला, आणि या खेपेला पाण्याला आधी विचारून काढला.

नकाशा पुरा झाला त्या दिवशी आम्ही तिघं स्टँडवर चहाला थांबलो. साहेब बशीत चहा ओतून पीत होते. मागच्या बाकड्यावर दोघंतिघं बसले होते, त्यांनी साहेबांना पाहिलं नव्हतं. निधीचीच चर्चा. एक म्हणाला, कशाला वाद घालता, पूल धामणवाडीलाच होणार, सायबाची बहीण दिलीय तिथं. दुसरा हसून म्हणाला, म्हणजे बिराजदार बी त्यातलाच निघाला. बस्, एवढंच. ते पुढं उसाच्या विषयावर गेले. साहेबांनी बशी खाली ठेवली. त्यातला चहा त्यांनी प्यायला नाही.

बहिणीचं मला तेव्हाच कळलं. बाकीचं गफूरभाईनं नंतर सांगितलं. कमळाक्का साहेबांहून मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच साहेबांना कडेवर वाढवलं. तिचं लग्न होऊन ती धामणवाडीला आली तेव्हा धाकटा भाऊ बैलगाडीमागे रडत पळत आला होता, ही गोष्ट साहेबांनी स्वतःच कधीतरी गफूरभाईला सांगितली होती. दर नागपंचमीला साहेब मुराळी होऊन तिला आणायला जायचे. पंचमीला माहेरचं माणूस सासरी जाऊन लेकीला घेऊन येतं, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. दोघांचे केस पिकले तरी हे चालू होतं. नदीला पाणी असलं तर साहेब काठावर बसून राहायचे, उतरलं की पलीकडे जायचे, अक्काला घेऊन यायचे आणि एसटीनं मुरुडला न्यायचे. त्यासाठी सरकारी जीप त्यांनी एकदाही वापरली नाही. मला वाटायचं, साहेबांची ती घडी दुमडायची सवय याच नदीनं लावली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, पिंपळदऱ्याचं काढा. मी कारण विचारलं. त्यांनी कारणं दिली. पिंपळदऱ्याला वरच कातळ आहे, पाया लवकर होईल, मार्चच्या आत काम जमिनीवर दिसेल. तिथून बाजाराची ये-जा जास्त आहे. जागेचा वाद नाही. त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं. कागदावर कुठलंही गाव उभं करता येतं आणि साहेबांइतकं ते नीट कुणालाच करता येत नसे.

मी म्हटलं, "साहेब, पाण्याला विचारलं तर ते धामणवाडीच म्हणेल."

त्यांचा हात शर्टावर होता. मी नियम मोडला होता. पण ते रागावले नाहीत. त्या दिवशी ते साइटवर गेले नाहीत आणि संध्याकाळपर्यंत विभूती कपाळावर जशीच्या तशी होती.

पिंपळदऱ्याचा पूल झाला. वेळेत झाला, चांगला झाला, आजही तो जिल्ह्यातल्या उत्तम पुलांपैकी एक आहे. चहाच्या टपरीवर लोक म्हणाले, बघा, सख्ख्या बहिणीच्या गावाला दिला नाही, याला म्हणतात माणूस. वरिष्ठांनीही कुठल्याशा भाषणात तसं म्हटलं. श्रावणात पहिलं मोठं पाणी आलं, पुलाखालून गेलं, पुलाला ओरखडा नाही. गफूरभाईनं आपण होऊन नारळ आणून जीपमध्ये ठेवला. साहेब पुलावर गेले, खाली पायापाशी उतरले, सगळीकडे हात लावून बघितलं आणि वर येऊन जीपमध्ये बसले. "चला," म्हणाले. नारळ सीटखाली राहिला. पुढे कित्येक महिने जीपनं वळण घेतलं की तो या बाजूचा त्या बाजूला गडगडत जायचा, आणि आम्ही तिघंही ऐकू न आल्यासारखं करायचो.

त्याच श्रावणात, पंचमीच्या थोडं आधी, कमळाक्का ऑफिसात आली. उंच, सुकलेली बाई, हिरवं लुगडं, कपाळावर भावासारखीच विभूती. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. साहेब खुर्चीवरून उठले, स्वतः माठातलं पाणी घेऊन आले. तिनं तांब्या घेतला, टेबलावर ठेवला, प्यायली नाही. बसलीही नाही. आम्ही उठून जायला लागलो तर म्हणाली, "बसा की. चोरीचं काई बोलत न्हाई मी."

मग ती भावाला म्हणाली, "शिवा, पूल त्यांना दिलास, चांगलं केलंस. त्येंचीबी लेकरं हायेत. पर कशापायी दिलास तेवढं सांग."

कातळ, बाजार, जागेचा वाद, यातलं काहीच साहेबांनी तिला सांगितलं नाही.

"लोक काय म्हनले असते, अक्का."

"म्हंजे माझ्यापायी गेला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी दुसऱ्या गावात दिलेली असते तर माझ्या गल्लीतल्या पोरी हायस्कुलात गेल्या असत्या. आता पान्याला गेलं की बाया माझ्याकडं बघतेत. बोलत न्हाईत, बघतेत. तू पंचमीला येऊ नको. पूल होईल तवा मी माहेरी येईन."

ती गेल्यावर साहेबांनी तांब्यातलं पाणी खिडकीतून बाहेरच्या झाडाला घातलं. गफूरभाईला सांगितलं, तिला नदीपर्यंत सोडून ये. त्यांच्या सगळ्या नोकरीत सरकारी जीप घरच्या माणसासाठी निघाली ती तेवढी एकदा, आणि अक्का त्यात बसली नाही. गफूरभाई जीप घेऊन तिच्या मागे मागे चालत्या बाईच्या वेगानं नदीपर्यंत गेला आणि परत आला.

येऊ नको म्हणाली तरी साहेब पंचमीला गेले. अलीकडच्या काठावर उभे राहिले. ती पलीकडच्या काठावर आली, मान हलवली, आत गेली. साहेब दुपारच्या बसनं परत आले. नदी ओलांडून गावात जायचं धाडस त्यांना झालं नाही. ज्या माणसानं मोठमोठ्या पुढाऱ्यांना नाही म्हणताना डोळ्याची पापणी हलवली नव्हती, त्याला त्या पन्नास-साठ उंबऱ्यांच्या गावाची भीती वाटत होती. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला.

त्यानंतर वर्षभरानं साहेब निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं. जो उठेल तो हेच सांगत होता की बिराजदार साहेबांनी कधी आपल्या माणसाचं काम केलं नाही. साहेब शाल मांडीवर घेऊन खाली बघत होते. समारंभ संपल्यावर मी आणि गफूरभाई त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. बस यायची होती. नेहमीसारखे ते मला "मॅडम" म्हणाले नाहीत.

"ताई," ते म्हणाले, "आपल्या मानसाचं काम केलं न्हाई, आपल्या मानसाचं काम केलं न्हाई. आयुष्यभर हे ऐकायला लई गोड वाटायचं बघा. त्या गोडीपायी एका गावाचा पूल घालवला मी. ती तिथं नसती तर पूल तिथंच झाला असता. आपल्या मानसाला द्यायचं न्हाई म्हनलं, तरी ठरवताना आपलंच मानूस बघितलं की. पान्याला कुठं बघितलं?"

माणूस पैसा खाऊन अन्याय करतो हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं. काही न खाताही तो करता येतो, हे मला त्या दिवशी स्टँडवर कळलं. बस आली. साहेबांनी शाल गफूरभाईच्या खांद्यावर टाकली आणि पिशवी घेऊन चढले.

पुढे त्या ऑफिसचा कारभार माझ्याकडे आला. एका सोमवारी खिडकीतून बाहेर पाहिलं तर भेटायला आलेल्या लोकांच्या बाकावर साहेब बसलेले. दोन्ही हात पिशवीवर, घडी दुमडलेली. मी धावत बाहेर गेले, आत चला म्हटलं. ते म्हणाले, माझ्या आधी दोघं आहेत. आणि खरोखर ती दोन माणसं आत जाऊन येईपर्यंत ते बाकावरून हलले नाहीत. मग आत येऊन टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, लोक उभे राहतात तिथं उभे राहिले आणि अर्ज पुढे केला. धामणवाडीच्या पुलाचा. ज्या गोष्टीपायी त्यांनी तो पूल घालवला होता ती त्यांनी अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहिली होती: माझी बहीण या गावात दिलेली आहे. मी मान खाली घालून त्यावर शिक्का मारला, तर म्हणाले, शिक्का तिरका पडलाय.

ते दर दोन-तीन महिन्यांनी मुरुडहून यायचे. बाकावर बसायचे, नंबर आला की आत यायचे, चौकशी करायचे, बशीत चहा प्यायचे, जायचे. धामणवाडीत मात्र जात नव्हते. पंचमीला तेवढे काठापर्यंत. पुन्हा एकदा निधी सुटला, पुन्हा मार्चअखेरची घाई, आणि या खेपेला मी धामणवाडीचं नाव एकटंच पाठवलं. मंजुरी आली. निविदा निघाली. पाऊस संपला की पाया खणायचा होता.

त्या वर्षी नागपंचमीच्या दिवशी मी आणि गफूरभाई धामणवाडीच्या नदीवर गेलो होतो. पूर येऊन उतरत होता आणि मला तो बघून ठेवायचा होता. पुस्तकात लिहिलेलं नसलं तरी ते मी आता चुकवत नाही. पाणी गढूळ, कमरेच्या खाली आलेलं, पण ओढ होती. पलीकडच्या काठावर बायका वारूळ पुजून परतत होत्या. चिंचेला झोका बांधला होता. आणि अलीकडे, आमच्यापासून थोड्या अंतरावर, साहेब उभे होते. मुराळी म्हणून आले होते. हातात तीच पिशवी.

आम्ही हाक मारली नाही. पलीकडे कमळाक्का पाण्यापर्यंत आली.

"अक्का, मंजूर झाला," साहेब ओरडले.

"ऐकलं," ती म्हणाली. "होऊ दे. मग बघू."

इतर वर्षी ती मान हलवून वळायची आणि साहेब स्टँडकडे चालू लागायचे. या वर्षी साहेब हलले नाहीत. थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चपला काढून काठावर नीट शेजारी शेजारी ठेवल्या, पिशवी खांद्यावर घेतली आणि पाण्यात उतरले. गफूरभाई "साब, साब" करत पुढे धावला. मी त्याच्या मागे. वयानं साहेबांचे गुडघे केव्हाच गेले होते, आणि ते सरळ प्रवाहाच्या मधोमध निघाले होते.

"थांब तिथंच," अक्का पलीकडून ओरडली. "म्होरं खड्डा हाय."

साहेब थांबले. पाणी त्यांच्या मांड्यांना धक्के देत होतं. ते आता ना पुढे जाऊ शकत होते ना मागे. अक्कानं लुगडं वर खोचलं आणि ती पाण्यात शिरली. सरळ नाही आली. आधी वरच्या अंगाला गेली, मग एका खडकाला धरून तिरकी उतरली, आणि बरोबर भावापाशी पोचली. तिनं त्याचा हात नाही, मनगट धरलं, लहान पोराचं धरतात तसं.

मला वाटलं, आली. आता ती त्याला घेऊन आमच्या काठाला येईल. साहेबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते वळले होते. पण तिनं त्यांना फिरवलं आणि आपल्या गावाकडे घेऊन चालली. साहेबांनी एकदा हात सोडवायचा प्रयत्न केला. पलीकडच्या काठावर माणसं जमली होती, बायका होत्या, ज्यांच्या मुली हायस्कुलात गेल्या नव्हत्या त्याही असतील. त्यांच्यासमोर जायचं होतं. तिनं मनगट सोडलं नाही. त्याला खड्ड्याच्या कडेकडेनं, खडकाला वळसा घालून तिनं पलीकडे नेलं. चिखलात साहेबांचा पाय घसरला तेव्हा काठावरच्या एका म्हाताऱ्यानं न बोलता आपली काठी पुढे केली. साहेबांनी ती धरली आणि ते वर चढले. मग मला फक्त पांढरं डोकं दिसलं, गर्दीतून हळूहळू चिंचेच्या दिशेनं जाणारं.

मी डोळे पुसले आणि बाभळीच्या खोडावर पुराची खूण करून घेतली. गफूरभाईनं साहेबांच्या चपला उचलल्या, त्या खुणेच्या वरच्या बेचक्यात ठेवल्या आणि म्हणाला, "वापस तो इधर सेच आएंगे."

आम्ही दुपारच्या बसची वेळ होईपर्यंत थांबलो. पलीकडे झोक्यावर बायका गाणी म्हणत होत्या. मग शेवटच्या बसपर्यंत थांबलो. साहेब आले नाहीत.